लंडनचे वेस्ली चॅपल आणि तिथली मंडळी

सिटी रोडवरील वेस्ली चॅपल मी लंडनच्या एकाच मुक्कामात तीनदा पाहिले. पहिल्यांदा एका सहल कंपनीच्या गाडीतून गेलो, तेव्हा आम्हांला जेमतेम अर्धा तास मिळाला आणि त्यातला बराचसा वेळ फाटकाजवळ छायाचित्रे काढण्यातच संपला. त्यामुळे दुसऱ्या वेळी ओल्ड स्ट्रीट स्थानकावर एकटाच उतरलो आणि पूर्ण दिवस दिला. तिसऱ्या वेळी रविवारच्या उपासनेला जाऊन बसलो. मी स्वतः मेथडिस्ट मंडळीत, म्हणजे जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेत वाढलो आहे. अमेरिकन मिशनरी विल्यम टेलर १८७१ साली मुंबईत आले आणि त्यांच्या कामातून आमच्याकडे ही परंपरा रुजली, तिचे मूळ घर पाहण्याची इच्छा लहानपणापासूनची होती. ती पुरी झाली, आणि अपेक्षेपेक्षा अधिक पुरी झाली.

इथला इतिहास नीट समजून घ्यायचा असेल, तर मुख्य उपासनामंदिरात लगेच न शिरता आधी तळघरातील मेथडिझमच्या संग्रहालयात जावे, असे मी सुचवीन. या मंडळीची गोष्ट सध्याच्या इमारतीत सुरू होतच नाही. तिची सुरुवात जवळच असलेल्या, पण आता नामशेष झालेल्या ‘फाउंड्री’त झाली. तोफा ओतण्याचा तो कारखाना १७१६ सालच्या स्फोटात उद्ध्वस्त होऊन पडून होता. जॉन वेस्ली यांनी १७३९ साली तो ११५ पौंडांना घेतला, त्याची डागडुजी केली आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे लंडनचे मेथडिस्ट तिथेच जमत राहिले. त्या फाउंड्रीतले व्यासपीठ संग्रहालयात जपलेले आहे आणि मी सर्वांत जास्त वेळ त्याच्यापुढेच थांबलो. ते साधे लाकडी काम आहे. ज्यांना इतरत्र कोणी बसायला जागा दिली नसती, अशी माणसे त्याच्यासमोर बसत असत, हे मनात आल्यावर तिथून लवकर निघवत नाही.

त्या माणसांसाठी फाउंड्रीत मोफत औषधे दिली जात आणि एक छोटा कर्जनिधीही चालवला जाई. वेस्ली यांनी आपल्या दैनंदिनीत त्याचा हिशेब लिहून ठेवला आहे: ३० पौंड १६ शिलिंग वर्गणी जमली, एका वेळी फक्त २० शिलिंग (म्हणजे एक पौंड) द्यायचे, ते आठवड्याच्या हप्त्यांनी तीन महिन्यांत फेडून घ्यायचे, आणि अठरा महिन्यांत त्याच रकमेतून २५५ जणांची नड भागली. आपल्याकडे पतपेढीचा किंवा बचत गटाचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या आकड्यांमागे किती काटेकोरपणा आणि किती विश्वास असेल, हे वेगळे सांगायला नको. मेथडिस्टांचे ‘वर्ग’, म्हणजे एका प्रमुखाच्या देखरेखीखालचे सभासदांचे छोटे गट, हेसुद्धा पैशांच्या हिशेबातूनच जन्माला आले. ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे १७४२ साली ठरले. ज्यांना पेनीही परवडत नाही त्यांचे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा एका सभासदाने सांगितले की अकरा सर्वांत गरीब माणसे माझ्याकडे सोपवा. त्यांना देता आले नाही तर मी भरीन. पेनी गोळा करायला दर आठवड्याला घरी जाणारा माणूस मग आजारपण, भांडणे आणि व्यसने यांचीही विचारपूस करू लागला आणि वर्गप्रमुखाचे पद असे घडत गेले. आमच्या मंडळीत आजही जमाखर्च वाचला जाताना लोक कंटाळतात. त्यांनी ही हकिकत एकदा वाचावी, असे मला मनापासून वाटते.

एवढे पाहून वर आले की उपासनामंदिर निराळेच दिसते. २१ एप्रिल १७७७ रोजी पावसात त्याची कोनशिला बसवली गेली आणि १ नोव्हेंबर १७७८ रोजी ते उघडले. ते नीटनेटके आहे, पण दिमाखदार नाही, अशी नोंद वेस्ली यांनी केली होती. आजचा यास्फे (जॅस्पर) या रंगीत, मौल्यवान दगडाच्या खांबांचा थाट पाहून ती नोंद पटत नाही. मात्र हे खांब १८९१ साली, वेस्ली यांच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त, परदेशांतील मेथडिस्ट मंडळ्यांच्या देणग्यांमधून आले. त्याआधी सज्जाचा भार जहाजांच्या डोलकाठ्यांवर होता आणि त्या तिसऱ्या जॉर्ज राजाने डेप्टफर्डच्या गोदीतून दिल्या होत्या. त्या डोलकाठ्या प्रवेशदालनात आजही उभ्या आहेत. येणारे बहुतेक लोक त्यांना साधे खांब समजून पुढे निघून जातात, म्हणून मुद्दाम सांगतो. मार्गारेट थॅचर यांचा विवाह १९५१ साली इथे झाला, हे सहलीवाल्यांकडून हमखास ऐकायला मिळते. मला त्यात फारसा रस वाटला नाही.

शेजारचे वेस्ली यांचे घर मात्र चुकवू नये. औषधोपचारासाठी ते वापरत असलेले विजेचे यंत्र तिथे आहे आणि शयनगृहाला लागून प्रार्थनेची इवलीशी खोली आहे. तिथे दोन माणसेसुद्धा अवघडून उभी राहतील. याच घरात २ मार्च १७९१ रोजी त्यांनी देह ठेवला.

रविवारी उपासनेत माझ्या पुढच्या बाकावर एक आफ्रिकी कुटुंब बसले होते आणि शेजारी कॅरिबियन बेटांवरची एक वृद्ध बाई होती. पहिल्या गीताचा क्रमांक मला सापडेना, तेव्हा तिने काही न बोलता आपले पुस्तक माझ्यापुढे सरकवले आणि आम्ही दोघांनी ते गीत एकाच पुस्तकातून गायिले. गेल्या शतकात ही इमारत धोकादायक ठरून १९७२ साली बंद करावी लागली होती. दुरुस्तीनंतर १ नोव्हेंबर १९७८ रोजी, बरोबर दोनशे वर्षांनी, दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या उपस्थितीत ती पुन्हा उघडली. १९८९ साली लंडनमधल्याच लेशियन मिशन या मेथडिस्ट संस्थेची मंडळी इथे सामील झाली. जुन्या लंडनकरांच्या जागी जगभरातून आलेली माणसे आता त्याच बाकांवर बसतात. त्यामुळे संग्रहालय पाहून परतणाऱ्यांनी शक्य असल्यास रविवारीही जावे, कारण या मंडळीच्या इतिहासाचा चालू भाग तिथेच पाहायला मिळतो.

निघण्यापूर्वी मागच्या अंगणात वेस्ली यांची कबर पाहावी. चहूबाजूंनी कार्यालयांच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये ती आहे. अंत्ययात्रेत गाडी नको, मानचिन्हे नकोत, थाटमाट नको; सहा गरीब माणसांनी शवपेटी वाहावी आणि त्यांच्यात सहा पौंड वाटून द्यावेत, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्यानंतर रस्ता ओलांडून समोरच्या बनहिल फील्ड्स कबरस्तानात जावे. तिथे त्यांच्या आईची, सुझाना वेस्ली यांची समाधी आहे. मी गेलो त्या दुपारी बाकांवर आसपासच्या कार्यालयांतील माणसे डबे उघडून जेवत बसली होती.