टर्कीची पिसे काढणारे गावठी यंत्र : दोन हंगामांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा-दिग्रस पट्ट्यात आमचे वावर आहे आणि त्याच्या धुऱ्यालगतच्या शेडमध्ये गेली काही वर्षे आम्ही गावरान कोंबड्यांबरोबर साठ-सत्तर टर्की पाळतो. वर्षभर टर्कीला फारसे कोणी विचारत नाही; मात्र डिसेंबर उजाडला की नागपूरहून नाताळाच्या मागण्या येऊ लागतात आणि त्या सगळ्यांना पक्षी सोललेला, धुतलेला आणि अखंड हवा असतो. कोंबडी हाताने सोलणे हा आमच्या घरी कधी प्रश्न नव्हता. परंतु आठ-नऊ किलोचा टर्कीचा नर दोन माणसांनी मिळून सोलायला बसले, तरी अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि चौथ्या पक्ष्यानंतर बोटांची टोके अक्षरशः सोलवटून निघतात. म्हणून तालुक्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानातून आम्ही पिसे काढण्याचे यंत्र बनवून घेतले. उभे पिंप, त्याच्या तळाशी मोटारीने फिरणारी तबकडी आणि दोन्हींना आतून रबरी बोटे, असे ते असते; गरम पाण्यातून काढलेला पक्षी आत टाकला की ही बोटे त्याची पिसे ओढून काढतात. त्यावर आतापर्यंत शंभराहून अधिक टर्की आणि त्याच्या कितीतरी पट कोंबड्या सोलून झाल्या आहेत. हा अभिप्राय त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आधी एक चूक सांगतो, कारण ती अनेकांकडून होण्यासारखी आहे. यंत्र बनवून घेण्यापूर्वी आम्ही एक तयार यंत्र मागवले होते. विक्रेत्याने फोनवर ‘मोठ्या पक्ष्यांनाही चालते’ असे छातीठोकपणे सांगितले होते. कोंबड्यांसाठी ते खरोखरच उत्तम चालले. पहिला टर्की आत टाकला, तेव्हा मात्र त्याचा पाय खालची तबकडी आणि पिंपाची भिंत यांच्यामधील फटीत शिरला आणि कडकन आवाज होऊन नळीपासून तुटला. तो पक्षी अर्थातच घरी शिजला. यंत्र परत घेण्यास विक्रेत्याने नकार दिला, तेव्हा ते पडेल भावाने एका चिकन सेंटरवाल्याला देऊन टाकले. त्या दिवशी आम्हाला कळले की अशा यंत्रात सगळ्यात महत्त्वाचे माप पिंपाचे नसून त्या फटीचे असते. फट फार अरुंद ठेवली तर ओली पिसे खाली पडत नाहीत आणि तबकडी जाम होते. फार रुंद ठेवली तर पाय आणि पंखांची टोके त्यात अडकतात.

आमच्या यंत्रात ही फट चहूबाजूंनी दीड सेंटीमीटर आहे. रसायनांचे निळे पिंप मिळते, तसले २०० लिटरचे प्लास्टिकचे पिंप आम्ही घेतले. मात्र ते खाद्यतेलाचे असल्याची खातरजमा करूनच घेतले, कारण कीटकनाशकाचे पिंप कितीही धुतले तरी खाण्याच्या वस्तूसाठी वापरू नये. पिंपाचा आतला व्यास ५७ सेंटीमीटर भरला, त्यामुळे ॲल्युमिनियमची तबकडी ५४ सेंटीमीटरची कापून घेतली. तबकडीचा दांडा दोन पेडस्टल बेअरिंगवर उभा आहे आणि त्याला खालून पट्ट्याने फिरवणारी मोटार आमच्याच जुन्या कडबा-कुट्टीची, दोन अश्वशक्तीची, सिंगल फेजची आहे. कडबा-कुट्टी वर्षातील सात-आठ महिने कोपऱ्यात पडून असते, तेव्हा मोटारीचा खर्च वाचला.

वेगाच्या बाबतीत दुकानदाराचे आणि माझे चांगलेच वाजले. ‘जितकं जोरात फिरन तितकं लवकर निघन, भाऊ,’ असे त्याचे म्हणणे, आणि मळणीयंत्रे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे ते म्हणणे स्वाभाविकच होते. त्याने मोटारीवर तीन इंचांची आणि दांड्यावर दहा इंचांची पुली बसवली. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे तबकडी सुमारे ४३० फेरे घेऊ लागली. एवढ्या वेगाला पक्षी उलटापालटा होण्याऐवजी भिंतीला चिकटून नुसता गरगरत राहतो. एका बाजूची कातडी सोलून निघते आणि दुसऱ्या बाजूची पिसे तशीच राहतात. मग मोटारीवर अडीच इंचांची आणि दांड्यावर चौदा इंचांची पुली बसवली, तेव्हा वेग २५७ फेऱ्यांवर आला आणि यंत्र माणसात आले. आता पक्षी तबकडीवर लोळतो, उसळतो, पुन्हा खाली येतो आणि सर्व बाजूंनी रबराला घासला जातो. दुकानदाराने ते पाहिले आणि काही न बोलता जुनी पुली परत घेतली, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण मी मानतो.

पिसे प्रत्यक्षात ओढण्याचे काम रबरी बोटे करतात. आमच्या यंत्रात भिंतीला ८४ आणि तबकडीला ३६, अशी १२० बोटे आहेत. प्रत्येक बोटाच्या बुडाशी एक खाच असते आणि ती छिद्राच्या काठात बसावी लागते. हे काम ऐकायला सोपे वाटते. परंतु कोरडे बोट छिद्रातून शेवटपर्यंत जात नाही, आणि पकडीने ओढले तर टोकाला चीर पडते. भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बोट बुडवून, थोडे पिळत, बाहेरून आत एका झटक्यात ओढले की खाच ‘टप्प’ असा आवाज करून बसते. माझ्या मुलीला ही युक्ती माझ्या आधी सापडली आणि शंभरातील सत्तर बोटे तिनेच बसवली. एक त्रुटी येथे नोंदवली पाहिजे. दुकानदाराने ॲल्युमिनियमच्या तबकडीतील छिद्रांच्या कडा घासल्या नव्हत्या आणि त्या धारदार कडांनी पहिल्याच हंगामात अकरा बोटे मुळातून कापली. गोल कानशीने कडा मोडल्यानंतर हा त्रास संपला. यंत्र घरी आणण्यापूर्वी प्रत्येक छिद्रातून हाताचे बोट फिरवून पाहावे. कड हाताला लागली तर ती रबरालाही लागणारच.

परंतु हे सगळे नीट जमल्यानंतरही पहिल्या हंगामातील पहिल्या बारापैकी पाच पक्ष्यांची छातीवरची कातडी फाटली. नाताळाच्या जेवणासाठी अखंड भाजायचा पक्षी छातीवर फाटलेला असेल, तर त्याला गिऱ्हाईक राहत नाही. दोष आम्ही यंत्राला देत होतो आणि तो निघाला चुलीपाशी. आमच्याकडे पिसे सैल व्हावीत म्हणून कोंबडीवर उकळते पाणी ओतण्याची रीत आहे. हाताने सोलताना ती चालून जाते, कारण हाताला कुठे जोर लावायचा आणि कुठे नाही हे कळते. यंत्राला ते कळत नाही. ६५ अंशांच्या वर गेलेल्या पाण्यात कातडीचा वरचा थर शिजतो आणि मग रबरी बोटे पिसांबरोबर तीही ओढून काढतात. उलट पाणी ५५ अंशांच्या आसपास राहिले, तर टर्कीची शेपटीची आणि पंखांची पिसे हलत नाहीत. टर्कीला साठ अंश, फार तर एक-दोन अंश वर, आणि साधारण एक ते दीड मिनिट, हे माप आम्हाला मानवले.

हे माप आमच्या चुलीवर राखणे म्हणजे तारेवरची कसरत आहे, आणि त्याला कारण आमचे जळण. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, वावरात फुकट मिळते, पण ती भडकते आणि लगेच विझते. दोन मिनिटे दुर्लक्ष झाले की गंजातले, म्हणजे मोठ्या पातेल्यातले, पाणी सत्तरीला गेलेले असते. तुराट्यांचेही तेच. म्हणून आता आम्ही चुलीवर पाणी पूर्ण उकळतो आणि बुडवण्याचा ८० लिटरचा गंज चुलीपासून दूर ठेवून त्यात उकळते पाणी आणि विहिरीचे ताजे पाणी समप्रमाणात मिसळतो. डिसेंबरात विहिरीचे पाणी चोवीस-पंचवीस अंशांचे असते, त्यामुळे मिश्रण बरोबर साठ-बासष्टवर येऊन थांबते. नऊ किलोचा पक्षी आत गेला की ते दोन-तीन अंश उतरते, तेव्हा एक तांब्या उकळते पाणी बाजूने सोडावे लागते. पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले तर पिसांतील तेलकटपणा सुटतो आणि पाणी बुडापर्यंत पोहोचते. पायांना धरून पक्षी वर-खाली हलवत राहावे, आणि पायाच्या नळीची पिवळसर साल नखाने सहज सरकली की बाहेर काढावे. या सगळ्यासाठी आम्ही एक साडेचारशे रुपयांचा काट्याचा थर्मामीटर आणला, आणि माझे स्पष्ट मत आहे की आमच्या यंत्रातील सर्वांत उपयुक्त भाग तोच आहे, जरी तो यंत्राला जोडलेला नसला तरी. दुसऱ्या हंगामात फाटलेली कातडी फक्त दोन पक्ष्यांची निघाली आणि दोन्ही वेळी माझे लक्ष मोबाइलमध्ये होते.

पाणी बरोबर असेल तर नर टर्की चाळीस सेकंदांत आणि मादी अर्ध्या मिनिटात स्वच्छ होते. नर एका वेळी एकच टाकावा. वरून नळीने सतत पाणी सोडत राहावे लागते, त्याने सुटलेली पिसे फटीतून खाली वाहून जातात. यंत्राला जे जमत नाही तेही सांगतो. पंखांच्या टोकाची आणि शेपटीची जाड पिसे आम्ही यंत्रात टाकण्यापूर्वीच हाताने उपटून घेतो. नाहीतर ती बोटांमध्ये गुंततात. नुकती फुटू लागलेली कोवळी पिसे खुंटासारखी कातडीत राहतात आणि काळ्या-कांस्य रंगाच्या पक्ष्यांत त्यांचे डाग उठून दिसतात. पांढऱ्या टर्कीत ती असतात, पण दिसत नाहीत. ती काढायला चिमटा आणि आमच्या मोठ्या काकूंचा संयम, याला अजून तरी पर्याय नाही. ‘मशीन आनली तरी बुडीचंच काम बाकी हाये म्हना,’ असे त्या दरवर्षी म्हणतात; बुडी म्हणजे म्हातारी.

विजेबद्दल दुकानदाराने एक शब्दही काढला नव्हता, ही माझी त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे. ओली जमीन, ओले हात, उघडा पाय आणि शेजारी दोन अश्वशक्तीची मोटार, इतके सगळे एकत्र असताना नुसत्या एमसीबीवर, म्हणजे भार वाढला की वीज तोडणाऱ्या खटक्यावर, विसंबता येत नाही. तो तारा वाचवतो, माणूस नव्हे. आम्ही ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा खटका, स्वतंत्र बसवला, यंत्राच्या सांगाड्याला अर्थिंग दिले आणि मोटारीवर पत्र्याचे छोटे छप्पर केले. सुरू-बंद करण्याचे बटण पिंपापासून हातभर दूर, भिंतीवर आहे. पट्टा आणि पुली पूर्ण झाकून घ्याव्यात, कारण लुगड्याचा पदर किंवा ओढणी त्यात गेली तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की मोटार नुसती गुणगुणते आणि तापते, त्यामुळे आम्ही पक्षी कापण्याचे काम पहाटेच उरकतो.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. पक्षी उलटा धरण्यासाठी पत्र्याचे नरसाळे त्याच दुकानातून केले. वरचे तोंड ३० आणि खालचे १३ सेंटीमीटर, ते टर्कीला नेमके बसते आणि पंख फडफडून मोडत नाहीत. रक्त पूर्ण निथळून पक्षी निश्चल झाल्याशिवाय तो गरम पाण्यात घालू नये, आणि आदल्या रात्रीपासून दाणा बंद करून फक्त पाणी द्यावे, म्हणजे आतडी काढताना घाण होत नाही. थंड करण्याच्या बाबतीत टर्की कोंबडीपेक्षा हट्टी आहे. मांडी आणि छातीच्या आतपर्यंत चार अंशांखाली यायला मोठ्या नराला बर्फाच्या पाण्यात सहा-सात तास लागतात, त्यामुळे बर्फाची लादी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. विक्री करणाऱ्यांनी अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घ्यावी. २०११च्या मूळ नियमांत दिवसाला पन्नासपर्यंत पक्षी कापणारा छोट्या व्यावसायिकांच्या नोंदणीत बसत असे.

ओली पिसे हा वेगळा व्याप आहे. पहिल्या वर्षी ती नालीत गेली आणि नाली तुंबली. आता यंत्राखाली मासळी धरण्याच्या जाळीचा तुकडा ताणलेला असतो. त्यावर साठलेली पिसे शेणखताच्या खड्ड्यात थराथराने पुरतो. त्यांत नत्र भरपूर असले तरी ती कुजायला फार वेळ घेतात, आणि वर उघडी राहिली तर गावातील सगळी कुत्री वावरात मुक्कामाला येतात. यंत्र धुवायला मात्र दहा मिनिटेही लागत नाहीत, कारण दुकानदाराने पिंप चार बोल्टांवर बसवले आहे आणि ते उचलून बाजूला ठेवता येते. ही कल्पना त्याची होती आणि ती उत्तम आहे.

खर्च असा आला : सांगाडा, तबकडी आणि मजुरी ९,००० रुपये, पुल्या, पट्टा आणि बेअरिंग ३,२००, सुट्या बोटांसह रबर सुमारे २,६००, वायरिंग आणि आरसीसीबी २,३००, पिंप १,१००. म्हणजे मोटार घरची धरून अठरा हजारांच्या थोडे वर. वर्षाला पाच-दहा टर्की कापणाऱ्याने या भानगडीत पडू नये. त्याला थर्मामीटर आणि मोठा गंज पुरेसा आहे. ज्यांच्याकडे तीस-चाळीस टर्की आणि जोडीला कोंबड्यांची नियमित विक्री आहे, त्यांचा पैसा एका हंगामात वसूल होईल.

दुकानदाराला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण विजेबद्दलच्या मौनासाठी कापला आहे. त्याच्याकडून किंवा कोणाकडूनही यंत्र करून घ्यायचे असेल तर पोळ्याच्या आत सांगावे. सोयाबीन निघाले की प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानापुढे मळणीयंत्रांची रांग लागते, आणि मग दिवाळीपर्यंत तुमचे पिंप त्याच्या अंगणात पालथे पडून राहते.