क्रमांकावरून वर्ष सांगणाऱ्या पुस्तकाने मला कसं फसवलं

एका परिचित कुटुंबाकडे आजोबांच्या काळापासून जपलेली, निकामी केलेली ली-एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश लष्कराची जुनी रायफल आहे. ती कोणत्या वर्षी बनली, एवढंच त्यांना हवं होतं. या रायफलींवर दस्ता जिथे बसतो त्या सॉकेटच्या उजव्या बाजूला मुकुट, कारखान्याचं नाव आणि वर्ष ठोकलेलं असतं. इथे मात्र घासूनपुसून ते दिसेनासं झालं होतं. वाचता येत होता तो फक्त चार आकडी क्रमांक.

नेमक्या त्याच दिवसांत एका विक्रेत्याची जाहिरात समोर आली. जुन्या लष्करी रायफलींचा जाडजूड संदर्भग्रंथ, अभिलेखागारांतल्या नव्या संशोधनावर आधारलेला, आणि शेवटी क्रमांकावरून वर्ष शोधायचा तक्ता. नमुन्याची चार पानं अप्रतिम होती. मी पुस्तक मागवलं.

आलं ते पुस्तक निराळंच होतं. चित्रं काळी, धूसर. नमुन्याची चार पानं आत कुठेच नव्हती. ती दुसऱ्याच एका जुन्या ग्रंथातून उचललेली होती हे मला फार नंतर समजलं. जर्मन माउझरवरचा एक परिच्छेद दोन प्रकरणांत जसाच्या तसा छापलेला. एका चित्राखाली ‘नंबर ४ रायफल’ (ली-एनफिल्डचा नंतरचा प्रकार) असं लिहिलेलं, पण चित्रात सपाट, बोथट तोंडाची जुनी एसएमएलई, म्हणजे ‘शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड’! नंबर ४ ची नळी पुढे थोडी बाहेर डोकावते आणि तिची नेम धरायची मागची साइट नळीवर नसते, बॉडीच्या, म्हणजे बोल्ट बसतो त्या मधल्या भागाच्या, मागच्या बाजूला असते. नवशिक्यालाही दिसावी अशी चूक. मलाही ती दिसली, तरी छपाईतली गफलत समजून मी पुढे गेलो. तक्ता हाताशी होता आणि मला उत्तराची घाई होती.

तक्त्याने उत्तर दिलं: १९१२. मी ते कुटुंबाला कळवलं. त्यांनी रायफलीखाली लावायला पितळी पाटी करून घेतली.

काही महिन्यांनी एका ज्येष्ठ संग्राहकांना मी फोटो दाखवले. त्यांचा पहिलाच प्रश्न, “क्रमांकाच्या आधीचं अक्षर कुठे आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. एनफिल्डच्या कारखान्यात क्रमांक ९९९९ पर्यंत जायचे, मग अक्षर लावून पुन्हा १ पासून सुरू व्हायचे. म्हणजे एकच चार आकडी क्रमांक कितीतरी रायफलींवर असू शकतो. माउझर ९८के ची गतही तीच: दर वर्षी क्रमांक नव्याने सुरू, दर दहा हजारांनंतर नवं अक्षर. अक्षर आणि कारखाना न विचारता नुसत्या आकड्यावरून वर्ष सांगणारा तक्ता या रायफलींसाठी खरा असूच शकत नाही. माझ्या पुस्तकातला तक्ता नेमका तसाच होता.

मग त्यांनी फोटोत बोट ठेवलं. दूरच्या माऱ्याची डायल साइट नाही, हे एक वेळ समजू शकतं. दुरुस्तीत ती काढून टाकत. पण मॅगझिन कट-ऑफची, म्हणजे मॅगझिनमधल्या गोळ्या अडवून धरणाऱ्या पट्टीची, खाच या बॉडीवर मुळात कापलेलीच नव्हती. युद्धाच्या घाईत उत्पादन सोपं करण्यासाठी हे भाग गाळले गेले आणि एसएमएलईचा मार्क ३ स्टार हा प्रकार जानेवारी १९१६ मध्ये मंजूर झाला. तेव्हा १९१२ शक्यच नव्हतं. शेवटी तिरप्या उजेडात सॉकेटचे फोटो काढले, तेव्हा पुसट १९१७ वाचता आलं.

विक्रेत्याला लिहिलं. उघडलेलं पुस्तक परत घेत नाही, एवढं एक उत्तर आलं, नंतर काहीच नाही. त्या पुस्तकाखालची कौतुकं मी मग नीट वाचली: सगळी एकाच आठवड्यातली, आणि एकातही कुठल्या रायफलीचं नाव नाही.

आता पुस्तक घेण्याआधी मी विक्रेत्याकडे अनुक्रमणिका आणि मधलं कोणतंही एक पान मागतो, कोणतं ते मी ठरवतो. बदलाची तारीख दिली असेल तर ती कशावरून, हे बघतो. ब्रिटिश शस्त्रांतले मंजूर बदल ‘लिस्ट ऑफ चेंजेस’ या सरकारी नोंदींत परिच्छेद क्रमांकासह छापले जात. चांगला लेखक तो क्रमांक देतो. सगळ्या देशांच्या सगळ्या रायफली एकाच खंडात देणारं पुस्तक ओळख करून घेण्यापुरतं ठीक, पण खुणांचा निर्णय त्यावर करू नका. जुन्या सरकारी पुस्तिकांच्या पुनर्मुद्रणांना मी नावं ठेवत नाही. रायफल खोलणं-जोडणं आणि सुटे भाग समजून घ्यायला त्यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. फक्त आकृत्यांतली अक्षरं वाचता येतात ना, ते आधी पाहा. आणि नळीवरच्या वर्षाला रायफलीचं वर्ष समजू नका, नळ्या बदलल्या जात.

कुटुंबाला फोन करून चूक सांगितली तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्यांचे आजोबा १९१४ मध्ये फौजेतून परतले होते. ही रायफल त्यांच्या हातातली असेल, असं १९१२ या एका आकड्यावर ते सगळे मानून बसले होते.