टिपाडाची जाळी: नाडीची घ्या, इलॅस्टिकची नको

लातुरात आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यानं सुटतं, त्यामुळे घरोघरी निळी टिपाडं, म्हणजे पाणी साठवायची पिंपं. 200 लिटरच्या टिपाडात डास जाऊ नयेत म्हणून तोंडाला बसवायची नायलॉनची जाळी गंजगोलाईच्या बाजारातून आणली, दीडशे रुपयांना एक. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाले, आता लिहायला हरकत नाही.

जाळी बारीक आहे, मोहरीचा दाणा अडतो. मधोमध चेन आहे, ती उघडून तपेली बुडवायची, अख्खी जाळी काढायची कटकट नाही. ज्याला हे सुचलं त्याच्या घरीही नळ रोज येत नसणार! तक्रार आहे ती इलॅस्टिकची. मे महिन्याच्या उन्हात ते सैल पडलं आणि काठाशी करंगळी जाईल एवढी फट राहिली. डासाला तेवढी पुष्कळ झाली. दुकानदार म्हणे, "मॅडम, वरून सुतळी बांधा की." बांधली. मग इलॅस्टिकचे पैसे कशाचे घेतले?

शेजारच्या काकू हसल्या, "बाई, टिपाडाला बी पदर घ्यायला लावायलीस का?" मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हवाईची गोष्ट ऐकल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती. पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटांवर डास नावाला नव्हता. 1826 साली ‘वेलिंग्टन’ नावाचं जहाज मेक्सिकोहून येऊन माउई बेटावर लाहैनाला लागलं. खलाशांनी ताजं पाणी भरण्याआधी जुनी पिंपं ओढ्यात खंगाळली आणि तळाच्या पाण्यातल्या अळ्या ओढ्यात गेल्या, असं सांगतात. पुढे लोक कानाशी गुणगुणणाऱ्या नव्याच माशीची तक्रार करायला लागले. ती माशी म्हणजे आपला गटारीवरचा क्युलेक्स डास.

खरा घात झाला पक्ष्यांचा. नंतर तिथं पक्ष्यांचा मलेरिया पोचला आणि तो पसरवायला डास तयारच होता. ‘ईईवी’ नावाचा लालभडक पक्षी आहे तिथं. रोगी डास एकदा चावला की दहातले नऊ मरतात. जे उरलेत ते उंच डोंगरात, थंडीमुळे डास कमी असतात तिथं. आता तिथंही ऊब वाढायला लागलीय. 2023 मध्ये हवाईचे आठ वनपक्षी नामशेष झाल्याचं अमेरिकेनं अधिकृतपणे नोंदवलं.

काकू म्हणाल्या, "एका टिपाडापायी?"

एका टिपाडापायी.

डेंग्यूचा एडिस तर मूळचा आफ्रिकेचा, तोही जहाजांवरच्या पाण्यातूनच जगभर गेला. जाळी विकणारे सांगत नाहीत ती गोष्ट त्याच्याच अंड्यांची. ही अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून जाळी असली तरी टिपाड रिकामं करून आतून काथ्यानं खसाखसा घासावंच लागतं. आशाताई आठवड्याला एक ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतात, बरोबरच आहे. पण 2016 मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं तळाचं बादलीभर पाणी मोरीत ओतायला हात धजत नाही. मी ते कढीपत्त्याच्या झाडाला घालते.

आणखी एक. टिपाड काठोकाठ भरलं की जाळी मधे झोळते आणि पाण्याला टेकते, मग तिचा उपयोग काय? वर चार बोटं मोकळी ठेवा.

पाचपैकी साडेतीन तारे. नाडी ओढून आवळायची जाळीही मिळते, वीसेक रुपये जास्त पडतात. दुसऱ्या टिपाडाला तीच घेतली, अजून घट्ट आहे. चेन प्लॅस्टिकची बघून घ्या, लोखंडी गंजते. रांजणाच्या मापाची मात्र कुठंच मिळाली नाही, त्यावर जुन्या धोतराचं फडकं आणि वर परात.