खर्रा, पट्टी, गोळी की वही?

"खर्रा खाल्ला का डोकं चालते ना बापा," मोठे काका म्हणतात. खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेली पुडी. रिंग रोडवर गाडी घसरून डोक्याला मार लागला, त्याला वर्ष होईल. पन्नीवर खर्रा घोटून देणाऱ्या ठेलेवाल्याचं नाव ते विसरत नाहीत. सकाळची गोळी घेतली का, हे मात्र चारदा विचारतात. मग आठवणीला आधार कशाचा?

काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. लक्ष आणि आठवण मेंदूतल्या ज्या निरोप्या रसायनावर, अॅसिटाइलकोलिनवर चालते, त्याच्याच जागांवर तंबाखूतलं निकोटीन जाऊन बसतं. मेंदूला इजा केलेल्या उंदरांना निकोटीन दिलं, तेव्हा पाण्याखाली लपवलेला ओटा शोधायला ते जरा लवकर शिकले. पण ते मोजून टोचलेलं होतं, पुडीतलं नव्हतं.

खर्ऱ्यात निकोटीन किती, हे घोटणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सुपारी-तंबाखूने तोंडाच्या कॅन्सरची भीती, ती वेगळीच. दोनेक तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं, तलफ लागते, लक्ष उडतं. मग पुढची चिमूट गेली की 'डोकं चालते'. खड्डा आपणच खणायचा, आपणच बुजवायचा.

अंगाला चिकटवायच्या पट्टीतून निकोटीन दिवसभर सारखं मिळतं. 2012 साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. विसराळूपणा नुकताच सुरू झालेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या 74 वयस्कांवर ती झाली होती. निम्म्यांना 15 मिलिग्रॅम निकोटीनची पट्टी, निम्म्यांना निकोटीन नसलेली नुसतीच, सहा महिने. लक्ष आणि स्मृतीच्या काही परीक्षांत फरक पडला. डॉक्टरांच्या एकूण मतात तो उठून दिसला नाही. शिवाय ते अपघाताचे पेशंट नव्हतेच. खर्रा सोडायला पट्टी किंवा च्युइंगगम जरूर घ्या, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. नुसत्या आठवणीसाठी मी पैसे घालणार नाही.

डोनेपेझिल नावाची गोळी अॅसिटाइलकोलिनला लवकर मोडू देत नाही. मेंदूच्या दुखापतीनंतर काही डॉक्टर ती देऊन पाहतात. मळमळते, नाडी मंदावू शकते. नागपूरच्या धंतोलीत न्यूरोच्या डॉक्टरांच्या पाट्यांना तोटा नाही, पण ही गोळी घरच्यांनी ठरवायची नाही.

माझा कौल वहीला आणि मोबाइलच्या अलार्मला. पलंगाला सुतळीने पेन बांधला. सकाळची गोळी घेतली की काका वहीत स्वतः खूण करतात. पहिले पंधरा दिवस वही कुठे आहे हेच आठवेना. काल पाचव्यांदा विचारायच्या आधी त्यांनी पान उलटलं. "हे तं माह्यंच अक्षर हाय."

खर्रा सुटला नाही. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर बोलणं सुरू आहे. काका चार पुड्यांवरून दोनवर आलेत.