लॉगिंग आर्च: घोडाजोडीमागची दोन चाकं किती कमावून देतात?

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन या राज्यांत आणि खाली ॲपलेशियन डोंगरांत आजही काही माणसं घोड्यांच्या जोडीने जंगलातलं लाकूड बाहेर काढून पोट भरतात. त्यांच्या सामानात दिसायला सर्वांत साधं अवजार म्हणजे लॉगिंग आर्च. दोन चाकं, मध्ये उलट्या यू आकाराची लोखंडी कमान, पुढे जोडीसाठी दांडी, वर पत्र्याची सीट आणि कमानीमागच्या आडव्या पट्टीत साखळी अडकवायच्या खाचा. यातला सर्वांत नावाजलेला नमुना न्यू हॅम्पशायरच्या लेस बार्डन यांनी आखलेला. तो 'बार्डन कार्ट' म्हणूनच ओळखला जातो. काही आर्चना हाताने फिरवायची विंच, म्हणजे साखळी वर ओढणारा रहाट, असते. काहींत साखळी कमानीवरून पुढे जाते आणि घोड्यांच्या ओढीनेच ओंडक्याचं तोंड वर येतं. रोजच्या कामाला खाचांचा साधा नमुनाच बरा. विंच फिरवण्यात जाणारा वेळ दिवसाअखेरी मोजला की तिचं कौतुक ओसरतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ६० ते १५० मीटर अंतर, जड लाकूड आणि मागे सरायला शिकलेली जोडी असेल, तर या अवजाराला पर्याय नाही. यातलं एकही नसेल तर आर्च गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजते.

आधी ओझ्याचा हिशेब. ४० सेंटीमीटर व्यासाचा, ३.६ मीटर लांबीचा ओला रेड ओकचा ओंडका सुमारे ०.४५ घनमीटर भरतो आणि साधारण ४५० किलोचा असतो. तो तसाच जमिनीवरून ओढला तर वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त ओढ लागते, म्हणजे २२५ ते २७० किलो. तेही तोंड मातीत रुतलं नाही तर. आर्चवर तोंड उचललं की निम्मं वजन चाकांवर जातं. चाकांवरच्या वजनाला मऊ जमिनीवरही दहाव्या हिश्शाच्या आसपासच ओढ लागते, मागचं टोक तेवढं घासतं. एकूण ओढ १४०-१५० किलोवर येते. ८०० किलोचा एक घोडा वजनाच्या दहाव्या भागाएवढी ओढ दिवसभर निभावतो, म्हणजे जोडीची १६० किलो. परतीची फेरी रिकामी असल्यामुळे जोडी याहून थोडं जास्त सोसते, पण रोज २५० किलो ओढायला लावलं तर महिन्याभरात घोडे उतरतात. ओकच्या जंगलात आर्च जोडीला तिच्या ताकदीच्या आत ठेवते, ते असं.

त्याच मापाचा व्हाइट पाइन मात्र २६० किलोच्या आसपास. तो नुसता साखळीने ओढला तरी १५० किलोच्या आत भागतं. म्हणून पाइनच्या विरळणीत आर्चचा खरा फायदा ताकदीचा नसून स्वच्छतेचा असतो. जमिनीवरून घासत आलेल्या ओंडक्याच्या सालीत खडे आणि चिखल बसतात, त्याने गिरणीतलं पातं बोथट होतं, आणि गिरणीवाला एकतर भाव पाडतो किंवा माल बाजूला काढतो. शिवाय रुतणारं तोंड उभ्या झाडांची मुळं सोलत जातं. वाटेच्या वळणावर आतल्या बाजूचं एक कमअस्सल झाड मुद्दाम उभं ठेवतात. ओंडके त्यालाच घासू द्यायचे आणि काम संपताना ते शेवटी तोडायचं. आर्च असली तरी हे झाड लागतंच, कारण मागचं टोक वळणावर आत कापतं.

धंदा जमतो की नाही ते अंतरावर ठरतं. घोडे ताशी ४ किलोमीटरने चालतात असं धरा. १५० मीटर भरलेली आणि १५० मीटर रिकामी फेरी मिळून साडेचार मिनिटं. साखळी लावणं-सोडणं पाच-सहा मिनिटं. त्यात घोड्यांना दम खाऊ देण्याचा वेळ. तासाला चार ते पाच फेऱ्या, पाच तासांच्या खऱ्या ओढकामात २० ते २५ ओंडके. अंतर ४०० मीटर झालं की नुसतं चालणंच बारा मिनिटांचं. मग तासाला तीन फेऱ्या आणि दिवसाला १५ ओंडके. घोड्यांचा दाणा-चारा, नाल, माणसाची मजुरी तीच राहते. १५०-२०० मीटरच्या पुढे चार-पाच ओंडके एकदम वाहून नेणारी, उचलयंत्र बसवलेली घोडागाडी लागते, तिला फॉरवर्डर म्हणतात. ५० मीटरच्या आत उलट गोष्ट: तिथे एकटा घोडा, मागे एक आडवी ओढदांडी आणि गळफास साखळी एवढंच पुरतं, आर्च वळवण्यातच वेळ जातो. ज्यांना दोन्ही अंतरांवर काम असतं ते एकट्या घोड्याने ओंडके वाटेच्या कडेला जमवतात आणि तिथून जोडी-आर्चने पुढे नेतात. हीच पद्धत सर्वांत किफायतशीर.

ओंडका आल्यावर तो कोणत्या मापपट्टीने मोजला जातो, हेही आर्च परवडते का याच्याशी बांधलेलं आहे. बोर्ड-फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी. बारीक टोकाचा सालीआतला व्यास मोजतात. डॉइल पट्टीचं सूत्र असं: व्यासातून ४ इंच वजा करा, वर्ग करा, लांबीने (फुटांत) गुणा, १६ ने भागा. १६ इंची, १२ फुटी ओंडक्याला १०८ बोर्ड-फूट मिळतात. इंटरनॅशनल पाव-इंच पट्टीवर तोच १३० भरतो. १० इंची ओंडक्याला डॉइलवर फक्त २७, इंटरनॅशनलवर ४५. विरळणीतला माल बारीकच असतो. डॉइलवर मोजणाऱ्या गिरणीला तो विकला, तर उरलेली जवळपास निम्मी मेहनत कोणाच्या खिशात जाते ते उघड आहे. दर विचारण्याआधी पट्टी विचारावी.

आता प्रत्यक्ष जुंपणी. पुस्तकी चित्रांत हे फार सोपं दिसतं, चुका मात्र सगळ्या इथेच होतात. आर्च मागे घेऊन खाचांची पट्टी ओंडक्याच्या तोंडावर आणायची. जाड टोक पुढे ठेवायचं, म्हणजे जास्त वजन चाकांवर येतं. साखळीचा फास तोंडापासून २५-३० सेंटीमीटर आत. याहून जवळ घेतला तर तो निसटतो, फार आत घेतला तर तोंड पुढे येऊन आसाला धडकतं. फासाची कडी वर न ठेवता बाजूला ठेवायची. पहिल्या ओढीला ओंडका पाव वळसा फिरतो आणि जमिनीपासून सुटतो. साखळी खाचेत शक्य तितकी आखूड अडकवायची. एक कडी जास्त सोडली तरी तोंड खाली लोंबतं आणि आर्चचा सगळा उपयोग तिथेच संपतो. मग जोडीला सरळ न हाकता किंचित उजवीकडे ('जी') किंवा डावीकडे ('हॉ') वळवून सुरुवात करायची. थंडीत गोठून जमिनीला चिकटलेला ओंडका आधी कँट हूकने, म्हणजे लांब दांड्याच्या आकड्याने, हलवून मोकळा करावा. तसं न करता झटका दिला तर साखळी, ओढदांडी किंवा घोड्याचा खांदा, यांपैकी एक जातंच.

साखळी ५/१६ इंची, ग्रेड ७० ची घ्यावी (ग्रेड म्हणजे साखळीच्या ताकदीचा दर्जा). तिची सुरक्षित भारमर्यादा ४७०० पौंड, म्हणजे २१३० किलो. त्याच जाडीच्या ग्रेड ३० ची फक्त १९०० पौंड. ओंडक्याचं वजन पाहता ग्रेड ३० पुरेशी वाटते, पण साखळी तोडतो तो झटका, आणि तुटलेली साखळी मागे-पुढे कुठेही उडते. तीन-चार साखळ्या सोबत ठेवाव्यात. एक ओंडका येत असतानाच दुसऱ्याला फास लावून ठेवता येतो आणि फेरीमागे दोन मिनिटं वाचतात.

या अवजाराबद्दलची मोठी तक्रार ब्रेकची. बहुतेक आर्चना ब्रेकच नसतो. मातीच्या उतारावर मागचं टोक घासून आपोआप लगाम बसतो, म्हणून ते खपून जातं. बर्फावर मात्र ओंडका गाडीच्या पुढे धाव घेऊ पाहतो आणि सगळं ओझं घोड्यांच्या मागच्या पट्ट्यांवर, म्हणजे ब्रिचिंगवर येतं. उतारावर ओंडक्याच्या मागच्या भागाला जादा साखळीचा वेढा घालणं हा जुना उपाय अजूनही चालतो. तरीही गोठलेल्या उतारावर आर्च नेऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवं. सपाट गोठलेल्या वाटेवर तर चाकांपेक्षा घसरगाडीच चांगली. जुन्या काळी रात्री वाटेवर पाणी शिंपडून मुद्दाम बर्फाची वाट बनवत ते त्यासाठीच.

दुसरी तक्रार उलटण्याची. ओंडका तिरका ओढला जात असताना एक चाक खुंटावर चढलं की आर्च कलते. वाटेवरचे खुंट जमिनीलगत कापलेले हवेत, बोटभरही वर नकोत. सीटवरून दोन्ही बाजूंना उतरायला पायरी असावी. मागे उडी मारायची सोय नाही, तिथे ओंडका आहे. चाकाखाली वाकलेलं रोप सुटून तोंडावर येतं, म्हणून जाळीचं हेल्मेट हवंच.

जुनी आर्च घेताना दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो. सीटवर माणूस बसवून दांडीचं टोक उचलून पाहा. एका हाताने उचललं जाईल इतकंच वजन हवं. जास्त असेल तर ते दिवसभर घोड्यांच्या माना वाहणार. मग मागे ओंडका लटकवून पाहा. दांडी वर उडत असेल तर खाचा आसाच्या फार मागे आहेत. खाचांच्या कोपऱ्यात आणि दांडीच्या खोबणीपाशी वेल्डिंगला भेगा आहेत का ते रंग खरवडून तपासा. ताजा रंग दिसला तर जास्तच खरवडा. चाक वर उचलून हलवा, खडखड ऐकू आली तर बेअरिंग चिखलाने खाल्ली आहेत. टायर मोटारीचे चालतात, पण तोडलेल्या रोपांचे टोकदार बुंधे बाजूने घुसतात. फोम भरलेले टायर जड असतात पण पंक्चर होत नाहीत, जंगलात तेच परवडतात.

हार्नेसकडे, म्हणजे घोड्याच्या जुंपणीच्या साजाकडे, मात्र कंजुषी नको. दांडीचं वजन मानेवरून काढून पाठीवरच्या गादीवर नेणारा डी-रिंग हार्नेस आर्चसाठी जवळजवळ सक्तीचाच समजावा. कॉलरच्या, म्हणजे घोड्याच्या गळ्यातल्या गादीदार कड्याच्या, तळाशी गळ्याजवळ चार बोटं सपाट सरकतील एवढी जागा ठेवावी. हंगामात घोडा वाळतो, कॉलर सैल होते, सैल कॉलर फिरते आणि खांदा सोलते. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून बैलाचे खांदे शेकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बैलाच्या जुवात भार मानेच्या वरून येतो, घोड्याच्या कॉलरमध्ये तो खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो. त्यामुळे जखम तिथे पाहावी, रोज संध्याकाळी, घाम वाळण्याआधी, हाताने चाचपून.

जर्मनीत हा धंदा वेगळ्या पायावर उभा आहे आणि तिथे आर्च क्वचितच दिसते. यंत्रांच्या वाटा ४० मीटरवर आखलेल्या असतात, यंत्राची भुजा दोन्ही बाजूंना सुमारे १० मीटर पोहोचते, आणि मधला २० मीटरचा पट्टा कोणाच्याच आवाक्यात राहत नाही. घोडा तेवढाच भाग करतो: पट्ट्यातलं लाकूड यंत्राच्या हाताशी आणून ठेवायचं. अंतर इतकं कमी की ओढदांडीच पुरे. व्हर्जिनियात जेसन रटलेज यांनी सफोक जातीच्या घोड्यांवर रुजवलेली पद्धत तिसरीच. त्यात जंगलातली वाईटात वाईट झाडं आधी काढायची. म्हणजे येणारा माल किरकोळ, आणि गिरणीच्या भावावर घोडेवाल्याचं भागत नाही. जागामालकाने घोडेवाल्याला मोठा हिस्सा किंवा वरून मजुरी द्यायची, हे आधीच लेखी ठरवावं लागतं. आर्चचा खर्च तिथे ओंडक्यांतून वसूल होत नाही, शाबूत राहिलेल्या उभ्या झाडांच्या किमतीतून होतो.

पाच पैकी चार तारे. एक कापला तो ब्रेकसाठी. ज्यांची जोडी सांगितल्याबरोबर सरळ मागे सरत नाही त्यांनी आर्च आता घेऊ नये. दिवसाला वीस-पंचवीस वेळा अचूक मागे यावं लागतं, आणि ते काम रिकाम्या गाडीला जुंपून आधी शिकवता येतं.