थेंब मोजून क्लोरीन तपासणारा संच : दीड वर्षाच्या वापरानंतर

मी लहान मुलांना पोहायला शिकवते. तलाव छताखालचा, साधारण दीड लाख लिटरचा. गेली चार वर्षं त्याच्या पाण्याची तपासणीही माझ्याकडेच आहे. त्यातली पहिली अडीच वर्षं मी रंगपट्ट्यांवर काढली. दीड वर्षापूर्वी एफएएस-डीपीडी पद्धतीचा, म्हणजे थेंब मोजून क्लोरीन तपासायचा संच घेतला. तो घेण्याची वेळ का आली ते आधी सांगते, कारण त्याशिवाय या संचाचं मोल कळणार नाही.

संध्याकाळच्या तुकडीत आठ वर्षांची एक मुलगी होती. तास संपायच्या सुमारास तिला खोकला सुरू व्हायचा. पाण्यातून बाहेर आली, मोकळ्या हवेत गेली की थांबायचा. मुलांच्या डोळ्यांवर चष्मे होते, पण काठावर उभं राहून शिकवणाऱ्या आम्हा दोघींचे डोळे चुरचुरत. छताखाली शिरताच नाकाला झोंबणारा वास. पालक म्हणाले, ‘क्लोरीन जास्त झालाय.’ मलाही तेच वाटलं. पट्टी बुडवली की क्लोरीन २ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) आसपास दिसायचा, म्हणून आम्ही मात्रा कमी केली. वास वाढला. आणखी कमी केली. असे दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत मी मुलांना ज्या पाण्यात उतरवलं ते आठवलं की आजही मन खट्टू होतं.

संच आला त्याच संध्याकाळी पहिली चाचणी केली. नळीत २५ मिलिलिटर पाणी, त्यात एक चमचा डीपीडीची, म्हणजे क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणारी भुकटी. पाणी गुलाबी झालं. मग दुसऱ्या बाटलीतला द्रव, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, एकेक थेंब टाकत ढवळत राहायचं. गुलाबी रंग संपूर्ण गेला की थांबायचं. २५ मिलिलिटरच्या नमुन्यात एक थेंब म्हणजे ०.२ पीपीएम. सहा थेंब लागले. मुक्त, म्हणजे अजून कशाशी न जोडलेला क्लोरीन १.२.

इथवर ठीक होतं. पट्टीपेक्षा आकडा कमी आला, एवढंच. मग त्याच रंगहीन पाण्यात तिसरी बाटली. तिच्यात पोटॅशियम आयोडाइड असतं. पाच थेंब टाकले आणि पाणी पुन्हा गुलाबी झालं. पंपावर काम करणारे सहकारी शेजारी उभे होते. ते म्हणाले, ‘ताई, हा परत कुठून आला?’ परत थेंब मोजले. पाच. संयुक्त, म्हणजे आधीच कशाशी तरी जोडला गेलेला क्लोरीन १.०.

तेव्हा पट्टीचं कोडं सुटलं. १.२ अधिक १.०, म्हणजे २.२. माझ्या पट्टीवर क्लोरीनचा एकच चौकोन होता आणि तो एकूण क्लोरीन दाखवत होता. पट्टी खोटं बोलत नव्हती. तिला मी विचारलेला प्रश्नच अर्धा होता. पाण्यातला जवळजवळ निम्मा क्लोरीन आधीच घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जोडला जाऊन क्लोरामाइन झाला होता. जंतू मारायला तो फारसा उपयोगी नाही, आणि त्याच्यातला ट्रायक्लोरामाइन हा प्रकार पाण्यात टिकत नाही. तो हवेत निघून जातो आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत, नेमका पोहणाऱ्याचं नाक जिथे असतं तिथे साचतो. डोळे चुरचुरणं, खोकला, तो झोंबणारा वास, हे सगळं त्याचं. आम्ही क्लोरीन कमी करत गेलो तसतसा, जोडलेल्या क्लोरीनचा पुढे निकाल लावायला लागणारा मोकळा क्लोरीनच उरला नाही.

डीपीडी वापरून मुक्त आणि संयुक्त क्लोरीन वेगवेगळा मोजण्याची पद्धत पेलिन नावाच्या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने १९५७ साली मांडली. म्हणजे हे ज्ञान नवं नाही. म्हणूनच मला वाटतं की छताखालच्या तलावावर एका चौकोनाच्या पट्टीवर भागवलं जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत संयुक्त क्लोरीन शक्य तितका कमी, आदर्शतः ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असावा असं म्हटलं आहे. जर्मनीच्या डीआयएन १९६४३ या मानकातही ०.२ हीच मर्यादा आहे. माझ्या तलावात त्याच्या पाचपट होता.

आता संच वापरायला कसा आहे ते सांगते.

सर्वात मोठा गुण म्हणजे रंग जुळवत बसावं लागत नाही. पट्टी किंवा रंगाच्या खिडक्यांच्या डब्यात ‘हा गुलाबी त्या गुलाबीसारखा आहे का’ हे ठरवायचं असतं, आणि संध्याकाळच्या दिव्याखाली तीन जण तीन उत्तरं देतात. इथे फक्त रंग आहे की गेला, एवढंच पाहायचं. आमच्या त्या सहकाऱ्यांना लाल-हिरव्या छटा नीट ओळखता येत नाहीत, त्यामुळे तपासणीपासून ते कायम लांब राहत. पांढऱ्या कागदापुढे नळी धरून रंगाचा शेवट त्यांना व्यवस्थित दिसतो. आता सकाळची चाचणी तेच करतात आणि आमच्या नोंदींत एका थेंबापेक्षा जास्त फरक क्वचितच येतो. या एका गोष्टीसाठीही मी हा संच पुन्हा घेईन.

दुसरं, क्लोरीन खूप जास्त असताना हा फसवत नाही. साध्या डीपीडीच्या रंगचाचणीत क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेला की तो रंगालाच खाऊन टाकतो. पाणी स्वच्छ दिसतं आणि माणूस ‘क्लोरीन शून्य’ समजून आणखी ओततो. हे फार धोक्याचं आहे. थेंबांच्या संचात भुकटी टाकल्यावर गुलाबी क्षणभर चमकून गेला, तर आणखी एक चमचा भुकटी टाकायची. रंग टिकला की मोजायला सुरुवात.

आता उणिवा. पहिली आणि माझ्या मते गंभीर उणीव माहितीपत्रकात आहे. आयोडाइडची चाचणी झाल्यावर नळी नीट धुतली नाही, तर उरलेला अंश पुढच्या चाचणीत उतरतो आणि संयुक्त क्लोरीन मुक्त म्हणून मोजला जातो. म्हणजे पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. दुसऱ्या आठवड्यात माझा मुक्त क्लोरीन अचानक वाढला आणि संयुक्त जवळजवळ नाहीसा झाला. मी आनंदून सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी नळी तलावाच्याच पाण्याने चारदा खळखळून धुतली, तर जुने आकडे परत आले. हे पत्रकात ठळक अक्षरांत हवं होतं. त्यात नुसतं ‘नळी स्वच्छ ठेवा’ एवढंच आहे. बाटल्यांची टोपणंही एकमेकांना लावू नयेत, कारण तेच.

थेंबाचा आकार हाही नाजूक मामला आहे. बाटली तिरकी धरली की थेंब बदलतो. सरळ उभी धरायची, आणि टोकाशी थेंब अर्धवट लटकत किंवा उडत असेल तर टोक ओल्या फडक्याने पुसायचं. नमुना कोपरभर खोलीवरून, ताजं पाणी आत येणाऱ्या तोंडापासून दूर घ्यायचा. आयोडाइडची बाटली उन्हात राहिली की पिवळसर पडते. तशी दिसली की मी टाकून देते. नळीवरच्या रेघा वर्षभरात पुसट झाल्या, नवी नळी मागवावी लागली.

संचातली सामूची, म्हणजे पीएचची बाटली मात्र मी वापरत नाही. तिथे परत रंग जुळवणं आलं, आणि क्लोरीन फार असला तर त्या बाटलीतला रंग, फिनॉल रेड, जांभळट होऊन सामू आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. त्यासाठी वेगळा मीटर ठेवला आहे. सामूकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पाण्यात सायन्युरिक आम्ल (उन्हापासून क्लोरीन वाचवणारं रसायन) नसेल तर सामू ७.५ ला मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मा हायपोक्लोरस आम्लाच्या, म्हणजे खऱ्या कामाच्या रूपात असतो. ८ ला तो जेमतेम पाव उरतो. थेंब तेवढेच लागतात, काम मात्र निम्मं होतं.

सायन्युरिक आम्लाचीही चाचणी संचात आहे. नमुना आणि औषध मिसळलं की पाणी दुधी होतं, ते उभ्या नळीत ओतत जायचं, आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की पातळी वाचायची. ही चाचणी ढोबळ आहे. उजेड बदलला की आकडा बदलतो, दोन माणसांत दहाचा फरक सहज पडतो. तरीही हिनेच आमची दुसरी चूक दाखवली. ठिपका ७० पीपीएमच्या आसपास दिसेनासा झाला. आमच्याकडे आधी ट्रायक्लोरच्या, म्हणजे हे आम्ल सोबत घेऊन येणाऱ्या क्लोरीनच्या वड्या वापरत असत. त्यांनी पाण्यात १० पीपीएम क्लोरीन घातला की सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्लही येतं. क्लोरीन खर्च होतो, हे आम्ल मात्र साठत जातं. उघड्या तलावात ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं. आमच्या डोक्यावर छत आहे. इथे ते क्लोरीनला नुसतं धरून ठेवतं आणि त्याचा मारा मंद करतं. पाणी बदलल्याशिवाय ते फारसं कमी होत नाही. आम्ही टप्प्याटप्प्याने पाणी बदललं आणि वड्या बंद करून द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटवर आलो. दीड लाख लिटरला १ पीपीएम म्हणजे १५० ग्रॅम क्लोरीन, १० टक्के ताकदीच्या द्रावणाचा दीड लिटर. द्रावण जुनं झालं की ताकद उतरते, म्हणून टाकल्यानंतर पाणी फिरू देऊन परत थेंब मोजते. (वड्यांच्या रिकाम्या डब्यात दुसऱ्या प्रकारचा क्लोरीन कधीही भरू नका. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग लागते, स्फोटही होतो. आणि आम्ल क्लोरीनच्या द्रावणात पडलं तर विषारी वायू सुटतो.)

संयुक्त क्लोरीन कसा उतरवला, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. ‘संयुक्त क्लोरीनच्या दहापट क्लोरीन एकदम टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. मलाही मिळाला. पण ते दहापटीचं प्रमाण अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनाशी आहे. आपला संच संयुक्त क्लोरीन क्लोरीनच्याच मापात देतो, म्हणजे तो आकडा आधीच कितीतरी मोठा असतो. त्याची दहापट म्हणजे गरजेपेक्षा फार जास्त. शिवाय घाम-लघवीतला युरिया सावकाश तुटतो, आणि छताखाली असा मारा केला तर त्या रात्री ट्रायक्लोरामाइन आणखी बनण्याचीच भीती. मी मुक्त क्लोरीन हळूहळू वाढवून २ पीपीएमवर स्थिर ठेवला, रात्री खिडक्या आणि पंखे चालू ठेवले, आणि प्रत्येक पोहणाऱ्यामागे रोज ३० लिटर ताजं पाणी या हिशेबाने पाणी बदलायला लावलं.

आणि आंघोळ. पाण्यात उतरण्याआधी साधी एक मिनिट अंगावर पाणी घेतलं तरी घाम आणि अंगावरची बरीच घाण निघून जाते. मुलांना मी हे गंमत म्हणून सांगत नाही, तासाचा भाग म्हणूनच सांगते. शॉवरखाली साठपर्यंत आकडे मोठ्याने म्हणायचे. तासाच्या मध्ये सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवते, कुणी मागितलं नाही तरी. क्लोरामाइनचा कच्चा माल आपणच पाण्यात नेतो, तो तिथे पोहोचण्याआधी अडवणं सगळ्यात सोपं. तीन आठवड्यांत पाचाचे दोन थेंब झाले, दोन महिन्यांनी एकावर आले. सुट्टीनंतरच्या गर्दीत कधी दोनवर जातं. तेव्हा मी तुकडीतली मुलं कमी करते.

हा संच काय सांगत नाही, तेही लक्षात घ्या. हवेतला ट्रायक्लोरामाइन तो मोजत नाही. पाण्यात एकच थेंब आला आणि तरीही खोलीत वास आहे, तर खिडकी उघडा, आकड्यावर विसंबू नका. क्लोरोफॉर्म आणि त्याच्या कुळातली ट्रायहॅलोमिथेनंही त्याला दिसत नाहीत. क्लोरीन घातलेल्या पिण्याच्या पाण्यात ती बनतात हे डच रसायनतज्ज्ञ रूक यांनी १९७४ साली दाखवलं. तलावातही ती बनतात, आणि जर्मन मानकात त्यांना लिटरमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, मी वर्षातून दोनदा पाठवते. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या परजीवीच्या बाबतीतही थेंबांचा आधार घेऊ नका. १ पीपीएम क्लोरीनमध्ये ते दहा दिवसांहून जास्त तग धरतं. कुणाला जुलाब होत असतील तर त्याने पाण्यात उतरू नये, एवढाच उपाय.

घरचा छोटा उघडा तलाव असेल, मोजके लोक पोहत असतील, तर रोजच्याला चांगली पट्टी आणि आठवड्याला एकदा हा संच पुरे. छताखाली मुलं पोहत असतील तर रोज दोनदा, आणि आयोडाइडची बाटली वगळून नाही. शक्य असेल तर सोबत चुंबकाने ढवळणारं छोटं यंत्र घ्या, हात मोकळा राहतो आणि थेंबांची मोजदाद चुकत नाही.

ती मुलगी आता दहा वर्षांची आहे, मोठ्या तुकडीत गेली. तिचा तास संध्याकाळी शेवटचा असतो. तो सुरू व्हायच्या आधी मी नळी घेऊन काठावर बसते, आणि ती शॉवरखाली साठपर्यंत मोजत असते.