गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन (रिव्हिजन), वर्ष होत आल्यावरचा अनुभव

उजव्या गुडघ्याची रिव्हिजन करून वर्ष होत आलं, म्हणजे आधी बसवलेला कृत्रिम सांधा काढून नवा बसवला. पहिल्या ऑपरेशनचे अनुभव सगळेच सांगतात, दुसऱ्याचे फार कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिला सांधा बरीच वर्षं छान चालला, मग सैल झाला. खुर्चीतून उठलं की पहिल्या चार पावलांना नडगीत कळ, थोडं चालल्यावर कमी. आतलं प्लास्टिक घासून त्याचे बारीक कण सुटतात, ते साफ करायला शरीराच्या पेशी येतात आणि त्या भानगडीत आजूबाजूचं हाडच झिजत जातं. वैताग असा की हे होताना बरेच दिवस काही दुखतही नाही, एक्सरेतच दिसतं, म्हणून दुखत नसलं तरी अधूनमधून एक्सरे काढायचा कंटाळा करू नका.

डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाही, आधी सीआरपी, ईएसआर (आत सूज, इन्फेक्शन आहे का याचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), मग सुईने गुडघ्यातलं पाणी काढून कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघणं. तेव्हा चिडचिड झाली पण आता वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं, कारण इन्फेक्शन निघालं तर अख्खा प्लॅन बदलतो. जुनं इन्फेक्शन असेल तर बऱ्याचदा दोन टप्पे: सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर (तात्पुरता ठोकळा) ठेवायचा, काही आठवडे औषधं, मग पुन्हा भूल देऊन नवा सांधा. दोन ऑपरेशनं, दोन बिलं. माझं कल्चर निगेटिव्ह आलं, वाचले. आणि दुखण्याचं कारणच सापडत नसेल तर नुसतं "बदलून बघू" म्हणून उघडू नये, त्याचे रिझल्ट चांगले येत नाहीत.

आता खर्च. पहिल्या वेळी एक ठरलेलं पॅकेज होतं, इथे तसं होत नाही, कारण हाड किती शिल्लक आहे ते जुना सांधा निघाल्यावरच नीट कळतं. कंपनीचा माणूस खोकी भरभरून सामान आणून ठेवतो, लांब स्टेम (हाडाच्या आत जाणारा दांडा), हाडाची पोकळी भरायचे मेटलचे कोन, वेजेस (पाचरी), लिगामेंट गेलं असेल तर बिजागरीसारखा हिंजवाला सांधा, आणि जे वापरलं त्याचे स्टिकर फाइलला लागतात आणि बिलात वेगळे पकडले जातात. माझ्या बिलात इम्प्लांटचीच लांबलचक यादी होती! म्हणून कोटेशन घेताना जास्तीत जास्त किती होईल तो आकडा लेखी मागा आणि इन्शुरन्समध्ये इम्प्लांटला मर्यादा आहे का ते आधीच विचारा. ऑपरेशनला वेळ जास्त, कधी रक्त चढवावं लागतं, मुक्काम वाढतो, नंतर फिजिओ आणि घरच्यांच्या रजा वेगळ्याच.

पहिल्या ऑपरेशनचं स्टिकर किंवा डिस्चार्ज पेपर जपून ठेवा. सर्जनने माझ्याकडे पहिल्यांदा तेच मागितलं, कंपनी आणि साइज माहीत असली की काढायची हत्यारं तशी मागवता येतात, आणि एखाद्याचं नुसतं प्लास्टिक बदलून भागणार असेल तर मापाचं मिळायला हवं ना.

रिझल्ट? उठतानाची ती कळ गेली, रात्री झोप लागते. पण वाकणं पहिल्या वेळेपेक्षा कमी, जिना उतरताना कठडा लागतोच, संध्याकाळी सूज अजून येते आणि नडगीत स्टेमचं टोक जिथे संपतं तिथे जास्त चाललं की ठणकतं. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. फिजिओ म्हणाली, पहिल्या ऑपरेशननंतरच्या गुडघ्याशी तुलना करू नका, ऑपरेशनच्या आदल्या महिन्याशी करा. पटलं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं की पहिल्यांदा बसवलेले पूर्ण गुडघे 25 वर्षांनी 82 टक्के टिकतात, खुबे 58 टक्के. रिव्हिजन तितकी टिकत नाही आणि दरवेळी टिकण्याचा काळ कमी होत जातो, त्यामुळे तरुण वयात पहिलं ऑपरेशन करणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा. खुब्याच्या रिव्हिजनमध्ये सांधा निखळण्याची भीती जास्त, काहींना त्यासाठी ड्युअल मोबिलिटी कप (सहज न निखळणारी, दुहेरी हालचालीची वाटी) बसवतात.

अजून एक, गुडघा अचानक लाल, गरम झाला, जखमेतून पाणी यायला लागलं तर घरात पडलेली अँटिबायोटिक घेऊ नका हं, कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत मग. आधी सर्जनला फोन.